सोळाव्या होलवरचा वारा

मामा, मामीने काल मला तुझे मोजे दिले. पांढरे, गुडघ्यापर्यंतचे, नऊ जोड, इस्त्री केलेले. मोज्यांना इस्त्री करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. त्याच्याशी माझं भांडण अर्धवट राहिलंय, म्हणून हे लिहायला बसलोय.

भांडण तुला ठाऊक आहेच. त्या दिवशी आयुष्यातला सगळ्यात चांगला खेळ चालू असताना, शेवटचे तीन होल उरलेले असताना, तू चेंडू उचलून मैदानाबाहेर चालू लागलास ते माझ्यामुळे की वाऱ्यामुळे? सोळा वर्षं मी विचारतोय आणि सोळा वर्षं तू एकच म्हणतोयस, “वारा होता.” पंधरा दिवसांपूर्वी हॉस्पिटलात, नाकात नळी असताना विचारलं, तर नळी बाजूला करून म्हणालास, “वारा होता रे. किती वेळा सांगू?” नर्स धावत आली, नळी परत बसवली आणि मला खोलीबाहेर काढलं. आपल्या दोघांमधलं शेवटचं बोलणं हे असं. लोकांना जाणाऱ्याचा आशीर्वाद मिळतो. मला हवामान मिळालं.

मी ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगला तुझ्या गॅरेजमध्ये येऊन पडलो तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो. पुण्यातली बरी नोकरी सोडून अकाउंटिंग शिकायला आलो होतो. अकाउंटिंगच का, तर एजंट म्हणाला म्हणून. त्या वर्षांत प्रत्येक विमानातून आपली मुलं उतरत होती आणि एजंट म्हणेल ते शिकत होती. कुणी केस कापायला शिकत होतं, कुणी केक करायला. तुझ्या गॅरेजमध्ये माझ्याआधीच चौघं होते आणि कोण कुणाचा कोण लागतो हे मामीलाही धड सांगता यायचं नाही. गॅरेजच्या दारावर तू टाइप करून नियम लावले होतेस. अंघोळ सात मिनिटं. दुधाच्या बाटलीवर नाव. हीटर चालू ठेवून बाहेर गेल्यास तीन दिवस भांडी. मी सख्खा भाचा म्हणून मला काही सूट असेल असं वाटलं होतं. पहिल्याच आठवड्यात तीन दिवस भांडी घासली.

आणि ती निळी फाइल! घरात येणाऱ्या प्रत्येकाचा पासपोर्ट, व्हिसा, कॉलेजचं पत्र, सगळ्याच्या झेरॉक्स काढून तू गाडीच्या डिकीत ठेवायचास. “कशाला मामा?” म्हटलं की “लागतील,” एवढंच. आम्ही मागे हसायचो. स्टीलवर्क्समध्ये तीस वर्षं मेन्टेनन्स केलेला माणूस, त्याला सगळंच कधी ना कधी बंद पडणार असं वाटणारच.

गोल्फचं वेड मात्र तुला कुठून लागलं ते कळलं नाही. साताऱ्यात तू विटी-दांडूसुद्धा धड खेळला नाहीस असं आई सांगते. इथे मागच्या अंगणातल्या गोल फिरणाऱ्या, कपडे वाळत घालायच्या स्टँडवर जुनी चादर अडकवून तू तिच्यात चेंडू मारायचास आणि आम्हाला पाचही जणांना रांगेत उभं करून तेच करायला लावायचास. माझा पहिला चेंडू मामीच्या मिरचीच्या कुंडीत गेला. दुसरा शेजारी गेला. तिसऱ्याला तू मला ट्रॉली ओढण्याच्या कामावर नेमलंस. ऑस्ट्रेलियातली माझी पहिली बढती ती.

तुझं एक स्वप्न होतं, सिडनीच्या समुद्रकाठचं ते जुनं लिंक्स. लिंक्स म्हणजे काय हे तू मला इतक्या वेळा समजावलंस की झोपेतही सांगेन: झाडं नाहीत, आडोसा नाही, समुद्राला लागून वाळूची उंचसखल जमीन, तिच्यावर राकट गवत, आणि वारा करेल तो न्याय. मोठमोठ्या चॅम्पियनशिप तिथे झालेल्या. तुझा साहेब केविन तिथला मेंबर. मेंबरने नेल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. तू केविनला सरळ विचारायचंस की नाही? नाही. “मागायचं नसतं. त्याला वाटलं पाहिजे.” म्हणून तू नऊ वर्षं त्याच्यासमोर फक्त विषय काढलास. नऊ वर्षं! दर ख्रिसमसला मामीच्या हातच्या करंज्या त्याच्या टेबलावर. शेवटी त्यालाच लाज वाटली असेल. म्हणाला, ये एकदा.

तो गुरुवार होता. पहाटे साडेचारला तू मला उठवलंस, खेळ नऊला सुरू होणार असताना. कॉलरचा शर्ट घालायला लावलास. शॉर्ट्सखाली हे मोजे, कारण तिथे उघड्या पोटऱ्या चालत नाहीत. मलाही दिलेस, आणि ते माझ्या पायांवर टिकेनात, म्हणून वरून रबर बँड. केविनने मला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाला, “नाइस सॉक्स, मेट.” आजही ते कौतुक होतं की काय हे मला ठरवता आलेलं नाही.

आणि मग तू खेळलास. मला गोल्फमधलं काही कळत नाही, पण माणूस कधी नाचायच्या बेतात आहे ते कळतं. जेवढे फटके लागायला हवेत त्याला पार म्हणतात. एरवी तुला त्यापेक्षा वीस-बावीस जास्त लागायचे. त्या दिवशी पंधरा होल झाल्यावर फक्त चार जास्त होते. गोल्फमध्ये आपले फटके आपण लिहायचे नसतात, जोडीदाराने लिहायचे. त्यामुळे तुझं कार्ड केविनजवळ होतं आणि त्याचं तुझ्याजवळ. तो दर होलनंतर तुझा आकडा लिहून मान हलवत होता.

पंधराव्यानंतर माझा फोन थरथरला. मैदानावर फोनला बंदी, हे तू सकाळपासून तीनदा सांगितलेलं. मी झुडपामागे गेलो. वर्गातला मुलगा होता. म्हणाला, “कॉलेज बंद झालं यार. दरवाज्यावर कुलूप. कागद चिकटवलाय. एक बाई आत बसल्यात, चार वाजेपर्यंतच नावं घेणार आहेत. जे येतील त्यांना दुसऱ्या कॉलेजात घालायचं बघतील. बाकीच्यांचं काय ते माहीत नाही.” “कॉलेज बंद? चारपर्यंतच?” मी कुजबुजलो.

त्या वर्षी अशी कॉलेजं पटापट बंद पडत होती. कॉलेज गेलं की व्हिसा जातो, व्हिसा गेला की आईला काय सांगायचं, इतकं सगळं त्या झुडपामागे माझ्या डोक्यातून गेलं. आणि तरी मी बाहेर येऊन काही बोललो नाही. तीन होल उरले होते, मामा. नऊ वर्षांच्या करंज्या होत्या त्यामागे. मी ठरवलं, तुझं संपू दे, मग सांगू. माझ्या आयुष्यातला एकमेव त्याग, तोही तू करू दिला नाहीस.

“कुणाचा फोन?” तू विचारलंस.

“कुणाचा नाही.”

तू सोळाव्याच्या सुरुवातीला उभा राहिलास. चेंडू ठेवलास. इतक्यात तुझी टोपी उडाली. तू टोपीकडे पाहिलंस, चेंडूकडे पाहिलंस, वाकून चेंडू खिशात टाकलास आणि म्हणालास, “वारा फार आहे. यात काय खेळणार? चला.” केविनचं तोंड उघडंच राहिलं. तू त्याचा हात हलवलास, दोनदा थँक यू म्हणालास आणि निघालास. मी ट्रॉली ओढत, रबर बँड सांभाळत मागे.

गाडीत बसल्यावर तू विचारलंस, “आता बोल, तोंड का असं झालंय?” मी सांगितलं. तू गाडी शहराकडे वळवलीस. डिकीत निळी फाइल होतीच. म्हणून मला पासपोर्टसाठी दोन तास वॉलॉंगॉंगला आणि दोन तास परत असं करावं लागलं नाही. त्या फायलीला मी हसलो होतो, याबद्दल इथे लेखी माफी मागतो.

कॉलेजच्या जिन्यावर साठ-एक मुलं एकमेकांच्या अंगावर चढत होती. रडत होती, फोनवर ओरडत होती. आणि तिथे तू शिरलास, कॉलरचा शर्ट, गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे, एका हातात गोल्फचा हातमोजा. सगळे एकदम गप्प झाले. त्यांना वाटलं, सरकारी माणूस आला. तू त्यांचा गैरसमज दूर केला असतास तर तू कसला! “लाइन लगाओ! एक लाइन! नाम बोलो!” आणि खिशातून कार्ड लिहायची ती बोटभर पेन्सिल काढून, हाताला लागलेल्या पहिल्या कागदावर नंबर घालून नावं लिहायला लागलास. तो कागद म्हणजे केविनचं कार्ड. पुढच्या बाजूला केविनचे पंधरा होल, मागच्या बाजूला पटेल, सिंग, रेड्डी, जोशी. जागा संपली तेव्हा तू समासात लिहिलंस.

आतली बाई आवाज ऐकून बाहेर आली. इतकी सरळ रांग बघून तिलाही बरं वाटलं असावं. तिने तुला विचारलं, “अँड यू आर?”

तू माझ्याकडे बोट केलंस. “हिज अंकल.”

ती हसली नाही. हात पुढे केला, तू कार्ड दिलंस आणि तिने त्याच क्रमाने एकेकाला आत बोलवायला सुरुवात केली.

आता माझा नंबर. माझ्या मामाने, माझ्यासाठी गाडी पळवत आलेल्या मामाने, माझं नाव कितवं लिहिलं? शेवटचं. एकसष्टावं! मी म्हटलं, “मामा, अरे, चारला बंद होणार आहे.” तू म्हणालास, “आपला माणूस आधी घातला तर रांग राहील का?” मी जिन्यावर बसून घड्याळ बघत होतो आणि तू सव्वीस नंबरच्या मुलीला फॉर्ममध्ये आडनाव कुठे लिहायचं ते दाखवत होतास. चारला पाच मिनिटं असताना मला आत बोलावलं. त्या पाच मिनिटांत माझे किती केस पांढरे झाले ते माझ्या लग्नाच्या फोटोत बघ.

मला दुसऱ्या कॉलेजात जागा मिळाली. पुढे नोकरी, कायमचा व्हिसा, लग्न, सिडनीतल्या वेस्टमीडचं घर. आज मी तिथल्या एका लॅबमध्ये लोकांच्या शिफ्ट लावतो, आणि लोक मला शिव्या देतात. सगळं त्या दुपारवर उभं आहे. आणि त्याबद्दल तुला साधं थँक यू म्हणायला गेलं, तर तू म्हणणार, “तुझ्यासाठी कोण सोडणार रे! चार जास्तवर होतो मी. वारा होता.”

हीच गोष्ट तू गावभर केलीस. गणपतीत, कोजागिरीला, माझ्या लग्नात. सदर्ली, म्हणजे दक्षिणेकडचा तो वारा, कसा सुटला, माणूस उभा राहीना, आणि शेवटी तुझं ते हमखास टाळीचं वाक्य, “अहो, टोपी माझ्या आधी क्लबहाउसच्या दारात पोचली!” लोक लोटपोट. मी कोपऱ्यातून, “मामा, तू फोन ऐकला होतास ना?” “त्या वाऱ्यात कुणाचं काय ऐकू येतं?” पुन्हा लोटपोट. मी फारच ताणलं की तुझा हुकमी मुद्दा यायचा, “तुझ्यासाठी आलो असतो, तर तुला पहिला नसता लिहिला?” माझी लेक ईरासुद्धा आता म्हणते, “बाबा, प्लीज, नॉट द विंड स्टोरी अगेन.”

राग कशाचा येतो सांगू? तू एकदा “हो” म्हणाला असतास तर मी दोन मिनिटं रडलो असतो, तू चष्मा पुसला असतास, मामीने चहा केला असता आणि विषय संपला असता. तुला त्या दोन मिनिटांची भीती वाटायची. तीस वर्षं तापलेल्या पोलादाशेजारी उभा राहिलेला माणूस, भाचा समोर हात जोडून उभा राहील म्हणून घाबरायचास. पाच मुलं गॅरेजमध्ये राहून गेली, एकालाही तू धड आभार मानू दिले नाहीस. निरोपाच्या दिवशी नेमका तू गटारीची जाळी साफ करत असायचास.

तुला पोचवायला केविन आला होता. आता काठी घेऊन चालतो. टाय लावलेला, डोळे लाल. म्हणाला, “ही नेव्हर केम बॅक, यू नो. आय आस्क्ड हिम ट्वाइस.” मला हे माहीतच नव्हतं. दोनदा बोलावलं होतं त्याने तुला, आणि तू गेला नाहीस! का, ते सांगायला तू नाहीस, आणि असतास तरी वारा म्हणाला असतास. मग केविनच म्हणाला, बुधवारी येतोस का? खेळायचं नाही, नुसतं चालू.

गेलो. रजा टाकून, बायकोला कारण न सांगता. तुझ्या स्वप्नाच्या जागी जाऊन मला नेमकं काय करायचं होतं, तर पुरावा गोळा करायचा होता. बघायचं होतं की तिथला वारा खरंच इतका असतो का. तुला हरवायला निघालो होतो मी, तू जाऊन आठवडा व्हायच्या आत. किती हलकट माणूस आहे बघ तुझा भाचा.

आणि मामा, वारा होता! सोळाव्याच्या सुरुवातीला आम्ही पोचलो तेव्हा असा सदर्ली सुटला होता की केविनने माझा दंड धरला. शर्ट फडफडत होता, डोळ्यांत वाळू जात होती, खाली लाटा खडकांवर आपटत होत्या. मी मनात म्हटलं, संपलं. मामा खरं बोलत होता. सोळा वर्षं मी एका माणसाला जबरदस्तीने देव करायला निघालो होतो आणि तो बिचारा सांगत होता की अरे, मला नुसती थंडी वाजत होती. इतकं ओशाळवाणं मला रबर बँड लावूनसुद्धा वाटलं नव्हतं.

मी केविनला म्हटलं, “ही वॉज राइट. यू कान्ट प्ले इन धिस.”

केविनने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी अजूनही ते मोजे घातलेत. काठी उचलून माझ्या पाठीमागे दाखवली. तिकडे, तिन्ही होलच्या पलीकडे, क्लबहाउसचं छप्पर दिसत होतं.

“डाउनविंड, मेट,” तो म्हणाला. “ऑल द वे होम.”

मला कळेना. त्याने मला खांद्याला धरून वळवलं आणि वारा माझ्या पाठीवर आला. सोळा, सतरा, अठरा, तिन्ही होल क्लबहाउसकडे जातात. सदर्ली असला की शेवटचे तीन होल वारा पाठीमागून ढकलतो. पहिले पंधरा होल वारा नडतो, शेवटचे तीन फुकट देतो. गोल्फ खेळणारा माणूस याच जागेची सकाळपासून वाट बघत असतो. केविन म्हणाला, त्या दिवशी माझा पाय मोडला असता ना, तरी मी ते तीन खेळलो असतो.

“मग त्याने फोन ऐकला होता?” मी विचारलं.

“मेट,” केविन म्हणाला, “द बोट्स हर्ड यू.”

मी झुडपामागे कुजबुजतोय असं मला वाटत होतं. बोटींनीसुद्धा ऐकलं होतं म्हणे.

तिथेच बाकावर बसलो. केविन तुझ्या पंधराही होलचे फटके पाठ म्हणाला. तुझं कार्ड त्याने त्याच दिवशी टाकून दिलं होतं. तीन होल कोरे असलेलं कार्ड कोण ठेवतं? तू खिशात घालून नेलेल्या त्याच्या स्वतःच्या कार्डाबद्दल मात्र त्याचा राग अजून गेलेला नाही; उरलेले तीन होल तो एकटाच खेळला होता. “माय स्कोअर, एटीवन ऑर एटीटू,” तो म्हणाला, “आय विल नेव्हर नो.” मी मात्र त्या टोपीचाच विचार करत होतो. टोपी क्लबहाउसच्या दारात पोचली! पन्नास वेळा तू ते भर बैठकीत सांगितलंस, टाळ्या घेतल्यास आणि दर वेळी स्वतःच्या तोंडाने स्वतःचं खोटं उघड केलंस. समोर बसलेल्या आम्हा सगळ्यांत गोल्फ कळणारा एक माणूस नव्हता, म्हणून सोळा वर्षं निभावलं. आणि मी, ट्रॉली ओढत तिथे हजर असलेला एकमेव साक्षीदार, त्याला हे कळायला सोळा वर्षं लागली. अकाउंटिंग शिकवणाऱ्यांना माझ्याबद्दल काय वाटलं असेल ते आता लक्षात येतंय.

संध्याकाळी वॉलॉंगॉंगला मामीकडे गेलो. तिला सांगितलं. ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, “घरी आले तेव्हा जेवले नाहीत त्या दिवशी. अंगणात जाऊन चादरीत चेंडू मारत बसले होते, अंधार पडेपर्यंत.”

“मग मला कधी सांगितलं का नाहीस?”

“तू मला कधी विचारलंस?” ती म्हणाली. मग जुडी बाजूला ठेवून म्हणाली, “रविवारी हॉलवर शोकसभेला सगळे येणारेत. बोलायचं तुलाच आहे. वाऱ्याचीच गोष्ट सांग हां. त्यांनी इतकी वर्षं सांभाळलीय ती.”

मामीचं मी आजवर सगळं ऐकलं. हेही अर्धं ऐकणार आहे. वाऱ्याचीच गोष्ट सांगेन. करंज्यांपासून सुरुवात करेन, रबर बँड सांगेन, एकसष्टावा नंबर सांगेन. टोपीचं वाक्य अगदी तुझ्यासारखं, हात उंच करून म्हणेन, आणि लोक हसतील, तेव्हा हसू देईन. तू गोष्ट नेहमी तिथेच थांबवायचास. मी त्यानंतर क्लबहाउस कुठल्या बाजूला होतं, ते सांगूनच खाली बसणार आहे.